वाचकांचे प्रश्न : न लिहिलेले मिथक साहित्य ठरते का?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात मिथकांवर चर्चा चालू असताना एका सदस्याने असा मुद्दा मांडला की, मिथक जोवर तोंडी सांगितले जाते तोवर ती केवळ एक समजूत असते. ते कोणी लिहून काढले की त्याला संहिता, म्हणजे ठरलेला शब्दपाठ, मिळते, आणि संहितेवाचून साहित्य संभवत नाही. हे म्हणणे मला पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. मिथकाला साहित्य म्हणायचे तर ते लिहिलेले असणे आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक नाही. मात्र आपल्या सहसदस्यांच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे आणि तो डावलून उत्तर देणे योग्य होणार नाही. साहित्यकृतीला स्वतःचे असे शब्दरूप असावे लागते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. असे शब्दरूप फक्त कागदावरच सिद्ध होते असे ते धरून चालले आहेत, आणि घोटाळा तिथे आहे.

हा समज पक्का व्हायला इंग्रजी शब्दाचाही हातभार लागला आहे. ‘लिटरेचर’ हा शब्द लॅटिनमधील ‘लिटेरा’, म्हणजे लिपीतले अक्षर, यावरून आलेला असल्याने त्याला ‘मौखिक’ हे विशेषण जोडताच वदतोव्याघात होतो, म्हणजे बोलणे स्वतःलाच खोडून काढते. वॉल्टर ऑंग या अभ्यासकांना हा प्रयोग इतका खटकला की, मौखिक परंपरेला ‘मौखिक लिटरेचर’ म्हणणे म्हणजे घोड्याचे वर्णन चाके नसलेली मोटारगाडी असे करण्यासारखे आहे, असे त्यांनी १९८२ साली लिहिले. युगांडाचे भाषाभ्यासक पिओ झिरिमू यांनी तर या अडचणीतून सुटण्यासाठी ‘ऑरेचर’ असा नवाच शब्द घडवला. मराठीला या खटाटोपाची गरज नाही, कारण ‘वाङ्मय’ म्हणजे वाणीने घडलेले, आणि ‘साहित्य’ या शब्दात जे ‘सहित’पण आहे ते संस्कृत काव्यशास्त्रकार भामहाच्या ‘शब्दार्थौ सहितौ काव्यम्’ या व्याख्येप्रमाणे शब्द आणि अर्थ यांचे आहे. लेखणीचा त्यात कुठेच संबंध येत नाही. ‘अक्षर’ हा शब्दसुद्धा आधी उच्चाराच्या एककासाठी होता, लिपीतल्या चिन्हाला तो नंतर लागू झाला. अर्थात व्युत्पत्तीने वाद मिटत नाहीत, हे मलाही मान्य आहे, म्हणून प्रत्यक्ष रचनांकडे वळू.

पुरूरवा आणि उर्वशी यांचे मिथक घ्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९५ वे सूक्त हा या दोघांचा संवाद आहे. त्यात कथा सांगितलेलीच नाही. उर्वशी का निघून गेली, अट कोणती होती, ती कशी मोडली, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असे धरून सूक्त थेट वियोगाच्या क्षणी सुरू होते, आणि पुरूरवा थांबण्याची विनवणी करतो तेव्हा ती म्हणते की, मी पहिल्या उषेसारखी निघून गेले आहे, तू घरी परत जा, मी वाऱ्यासारखी हाती न लागणारी आहे. जे ठाऊक आहे ते गाळायचे आणि एकाच क्षणावर सगळा भार टाकायचा, ही निवड वाङ्मयीन आहे, आणि ती करणाऱ्याने काहीही लिहिलेले नव्हते. पुढे शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात हीच कथा गद्यात क्रमवार येते. पलंगाला बांधलेले मेंढे गंधर्व पळवतात, राजा तसाच विवस्त्र धावतो, विजेच्या लखलखाटात उर्वशीला तो दिसतो आणि अट मोडते. त्यानंतर कालिदासाने तिचे नाटक केले. मिथक एक, पण कृती तीन. आणखी एक बारकावा सांगण्याचा मोह आवरत नाही. शतपथ ब्राह्मण या संवादाच्या ऋचा पंधरा असल्याचे सांगते, तर आज उपलब्ध असलेल्या ऋग्वेदात त्या अठरा आहेत.

आता संहितेच्या मुद्द्याकडे येऊ. जे लिहिलेले नाही ते दर वेळी बदलणारच, असे आपले सहसदस्य बहुधा म्हणतील. वेदपठणाच्या परंपरेने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. पदपाठात प्रत्येक शब्द सुटा करून म्हटला जातो, क्रमपाठात शब्दांच्या जोड्या साखळीसारख्या गुंफल्या जातात, आणि घनपाठात लागोपाठच्या तीन शब्दांना १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशा क्रमाने उलटसुलट म्हणत पुढे जावे लागते. असे केल्याने एखादा शब्द गळाला किंवा एखादा स्वर चुकला तर ते तत्काळ लक्षात येते. ही व्यवस्था स्वराघातासकट संहिता राखण्यासाठी उभारली गेली, आणि हस्तलिखितांत पिढ्यान् पिढ्या साचत जाणारे नकलाकारांचे प्रमाद पाहिलेल्या कोणाही संपादकाला तिचा हेवा वाटावा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाले, ते लिहिलेल्या पोथ्यांमधील पाठभेद निवारण्यासाठीच. लिहिल्याने संहिता आपोआप स्थिर होत नाही.

परंतु सर्वच मौखिक परंपरा वेदपठणासारख्या नाहीत, आणि दुसरा प्रकार मला अधिक बोलका वाटतो. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यांतील ठरावीक शब्दबंधांचा अभ्यास करणारे मिल्मन पॅरी १९३० नंतरच्या दशकात आपले सहायक अल्बर्ट लॉर्ड यांच्यासह तत्कालीन युगोस्लाव्हियात गेले. त्यांतला योद्धा अकिलीस बसलेला असला तरी होमर त्याला ‘चपळ पायांचा’ का म्हणतो, याचे उत्तर त्यांना जिवंत गायकांकडून हवे होते. तेथे जेमो झोगिच नावाच्या गायकाने त्यांना निक्षून सांगितले की, एकदाच ऐकलेले गीत मी शब्दन् शब्द, ओळन् ओळ तसेच म्हटले आहे. ज्याच्याकडून त्याने ते ऐकले होते त्याच्या गायनाशी ताडून पाहिले तेव्हा दोन्ही पाठ वेगळे निघाले. झोगिच खोटे बोलत नव्हता. जो कधी लिहीत नाही त्याच्या लेखी ‘शब्द’ म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला अक्षरसमूह नव्हे, तर म्हणण्याचा एक पूर्ण घटक.

याहून लक्षणीय प्रसंग १९३५ सालचा आहे. अवदो मेजेदोविच या गायकाला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने कधीही न ऐकलेले एक गीत दुसऱ्या गायकाकडून त्याच्यासमोर गाऊन घेण्यात आले. ते २,२९४ ओळींचे होते. नंतर पॅरींनी विचारताच मेजेदोविचने तेच गीत स्वतः गायले, आणि त्याचा पाठ ६,३१३ ओळींचा झाला. कथानक तेच होते, पण त्याने व्यक्तींना मन दिले, वर्णनांना विस्तार दिला आणि प्रसंगांची जुळणी स्वतःच्या पद्धतीने केली. या ओळी नंतर कागदावर उतरल्या म्हणून त्या साहित्य झाल्या, असे म्हणायचे तर गाताना त्याने जे केले त्याला काय नाव द्यावे, हे आपल्या सहसदस्यांना अवश्य विचारा.

यातून माझे मत पुढे येते, आणि ते कदाचित आपल्यालाही पुरते रुचणार नाही. निव्वळ मिथक, म्हणजे ‘देवांकडून अग्नी चोरून माणसांना देणारा’ एवढे कथासूत्र, लिहिले तरी साहित्य नाही आणि सांगितले तरी नाही. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांनी म्हटल्याप्रमाणे मिथक वाईटातल्या वाईट भाषांतरातूनही मिथक म्हणून पोहोचते, आणि कवितेबाबत असे म्हणता येत नाही. कोशातली मिथकाची नोंद लिहिलेली असते, अचूकही असते, पण तिला कोणी साहित्यकृती म्हणत नाही. उलट एखादी कथनकार तीच कथा सांगताना कुठे थांबते, काय राखून ठेवते, कोणता शब्द तीनदा आणते, यातून कृती घडते. तेव्हा प्रश्न मिथकापुरता विचारू नये, त्याच्या विशिष्ट आविष्कारापुरता विचारावा.

राहिला टिकाऊपणाचा मुद्दा. सांगणारा गेला की सांगणे जाते, हे खरे. पण लेखनाचीही हमी वाटते तेवढी पक्की नाही. प्राचीन मेसोपोटेमियातील गिल्गामेश राजाची कथा मातीच्या पाट्यांवर कोरलेली होती, तरी क्यूनिफॉर्म लिपी वाचणारे उरले नाहीत तेव्हा ती जवळजवळ दोन हजार वर्षे मुकी होती. जॉर्ज स्मिथ यांनी तिच्यातील महापुराचा भाग १८७२ मध्ये वाचून जाहीर केला तेव्हा ती पुन्हा बोलती झाली. ती त्या मधल्या काळात साहित्य होती की नव्हती, यावर वाद घालता येईल. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही.

प्रश्न : मी एका वृद्ध कथनकाराकडून काही दैवतकथा ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्या लिहून काढताना पुनरुक्ती आणि अडखळणे काढून भाषा प्रमाण करावी का? एकाच कथेचे तीन पाठ मिळाले आहेत, ते एकत्र करावेत का?

उत्तर : दोन्ही करू नये, निदान पहिल्या खर्ड्यात तरी नाही. पुनरुक्ती बहुधा आधाराचा खांब असतो, आणि तो काढल्यावर जे उरते ते कथेचा सारांश असते. डेनिस टेडलॉक यांनी अमेरिकेतील झुनी या मूलनिवासी लोकांच्या कथा १९७२ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा कथनकार जिथे थांबला तिथे ओळ तोडली आणि जिथे त्याने आवाज चढवला तिथे मोठी रोमन अक्षरे वापरली. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने आपल्याला ठळक ठशावर भागवावे लागेल, पण ओळ तोडण्यास काहीच अडचण नाही. एकदा मोठ्याने वाचून पाहा. थांबे चुकले असतील तर लगेच कळेल.

पाठ एकत्र करण्याचे काम एलियास ल्योनरोट यांनी केले आणि त्यातून फिनलंडचे ‘कालेवाला’ उभे राहिले. पहिली आवृत्ती १८३५ ची आणि ५० सर्गांची विस्तारित आवृत्ती १८४९ ची. ते थोर काव्य आहे, यात शंका नाही. मात्र त्या रूपात ते कोणत्याही एका गायकाने कधी गायलेले नव्हते, आणि त्याची जुळणी ही ल्योनरोट यांची स्वतःची रचना आहे. आपल्याला तसे काही करायचे असेल तर खुशाल करावे, पण मुखपृष्ठावर ‘संकलन’ असे न छापता आपले नाव लेखक म्हणून घालावे. तसे करायचे नसेल तर तिन्ही पाठ वेगवेगळे, ध्वनिमुद्रणाच्या तारखेसह आणि त्या वेळी ऐकायला कोण होते या नोंदीसह लिहून ठेवा. कथनकाराची संमती आणि नाव छापण्याबाबतची त्यांची इच्छा आधी विचारून घ्या. मूळ ध्वनिमुद्रण मात्र पुसू नका, कारण दुसऱ्या पाठात कथनकार जिथे हसल्या असतील ते हसू आपल्या वहीत उतरणार नाही.