पॅकेज-लॉक फाइल गिटमध्ये ठेवायची की गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकायची?

गिटमध्येच ठेवा. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरने इन्स्टॉल केलेल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती या फाइलमध्ये लिहिलेली असते. मर्ज करताना ती त्रास देते म्हणून काढून टाकू नका, कळकळीने सांगतोय.

२०१८ चं इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजचं प्रकरण बघा. मूळ लेखकाने कंटाळून हे पॅकेज मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवलं. त्याने ३.३.६ मध्ये फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची एक छोटी डिपेंडन्सी (ज्यावर हे पॅकेज अवलंबून राहील असं दुसरं पॅकेज) जोडली. तिची ०.१.० आवृत्ती साधी होती. कोपे या बिटकॉइन वॉलेटमधल्या चाव्या चोरणारा कोड आला तो ०.१.१ मध्ये. आपल्या पॅकेज.जेसनमध्ये (प्रोजेक्टला कोणती पॅकेजेस हवीत ती यादी) आवृत्तीआधी ^ (म्हणजे 'सुसंगत नवी आवृत्तीही चालेल') असलं आणि लॉक फाइल नसली, की पुढच्या इन्स्टॉलला अशी नवी आवृत्ती आपोआप घरात येते. कोणाला विचारत नाही.

लॉक फाइलमध्ये नेमकी आवृत्ती असतेच, शिवाय 'इंटिग्रिटी'पुढे एसएचए-५१२ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) असतो. डाउनलोड झालेली फाइल त्याच्याशी जुळली नाही तर इन्स्टॉल तिथेच थांबतं.

पण सर्व्हरवर बिल्ड करताना 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' वापरा. पॅकेज.जेसन आणि लॉक फाइल जुळत नसतील तर ते सरळ एरर देतं. इन्स्टॉल मात्र गुपचूप लॉक फाइलच बदलतं.

आणि पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधले बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) लॉक फाइलचा डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, लांबलचक दिसला तरी नवीन नावं तेवढी वाचाच. फ्लॅटमॅप-स्ट्रीमही असंच एका ओळीत आलं होतं.