रोख, रोखे आणि कर्जरोखे

प्रश्न म्हापशाहून आला आहे. 'मलनिस्सारणासाठी महापालिका रोखे काढणार' असे वाचल्यावर विचारणाऱ्याला वाटले, रोखे म्हणजे रोख रक्कमच. मग पालिका ती काढणार कुठून? आणि कर्ज घेणे, रोखे काढणे, बंधपत्र, ऋणपत्र यांतले नेमके काय लिहावे?

रोख आणि रोखा यांचे व्यवहारात अगदी उलटे नाते आहे. 'आज रोख, उद्या उधार' या पाटीतली रोख म्हणजे हातातला पैसा. रोखा म्हणजे उधारीचा कागद: मुद्दल अमुक मुदतीने देईन, तोवर ठरलेले व्याज देईन, असे लिहून दिलेला. विभक्ती लागली की गोंधळ उरत नाही. 'रोखीने दिले' वेगळे, 'रोख्यांत गुंतवले' वेगळे. घोटाळा होतो तो नुसत्या 'रोखे'मुळे, आणि त्यात निवडणूक रोख्यांनी भर घातली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेल्या त्या योजनेत ना व्याज होते, ना परतफेड. ती देणगीच होती. म्हणून पालिकेबद्दल लिहिताना पूर्ण 'कर्जरोखे' लिहावे, असे माझे मत.

बंधपत्र इथे नको. शिकून झाल्यावर सरकारी सेवा करीन, असे डॉक्टर लिहून देतात ते बंधपत्र. ऋणपत्र हे कंपन्यांच्या डिबेंचरसाठी, म्हणजे त्यांच्या कर्जाच्या कागदासाठी, रुळले आहे.

आता क्रियापद. एकाच सावकाराकडून कर्ज 'घेतात'. रोखे विकून अनेकांकडून ते 'उभारतात'. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले आणि पैसा पाणीपुरवठा व मलनिस्सारणाला वापरला. ही उभारणी. गाझियाबादने २०२१ मध्ये सांडपाण्याच्या पुनर्वापरासाठी १५० कोटींचे 'हरित रोखे' (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, तीही उभारणीच.

गोव्यातले मोठे उदाहरण मात्र घेतलेल्या कर्जाचे आहे. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्पासाठी २००७ मध्ये जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य बँकेशी सुमारे २,२८० कोटी येनचा करार झाला; पुढे २००८ मध्ये ते कर्ज 'जायका' (JICA) या जपानच्या सहकार्य संस्थेकडे आले. साळावली धरणाच्या पाण्यापासून मडगाव, म्हापसा आणि उत्तरेच्या किनारपट्टीतल्या मलवाहिन्यांपर्यंत त्याची व्याप्ती होती. आपण त्याला 'जायका प्रकल्प' म्हणतो (हिंदीत जायका म्हणजे चव, आणि मैलापाण्याच्या योजनेला हे नाव चिकटावे!). तिथे रोखे नव्हते, 'जायकाचे कर्ज' होते. 'जायकाचा निधी' म्हटले की कोणीतरी पैसे देऊन टाकल्यासारखे वाटते, आणि ते फेडायचे आहेत हे वाक्यातून निसटते. मला हा शब्द रोख-रोखेच्या घोळापेक्षा जास्त खटकतो.

कर्ता कोण, हेही पाहावे. गोव्यात महापालिका एकच, पणजीची. मडगाव, म्हापसा या नगरपालिका. शिवाय इथे मलवाहिन्यांचे काम मुख्यतः राज्य सरकारचे खाते आणि महामंडळ पाहते. त्यामुळे कर्ज कोणाच्या नावावर, हमी कोणाची, फेडणार कोण, हे लिहिणाऱ्याने तपासूनच 'पालिकेचे रोखे' म्हणावे.

राहिला मलनिस्सारणासाठी सर्रास वापरला जाणारा 'ड्रेनेज' हा शब्द. पुण्या-मुंबईकडे 'ड्रेनेज तुंबले' म्हणतात ते मैलापाण्याबद्दल. अभियंत्यांच्या कागदात त्याच शब्दाचा अर्थ बहुधा पावसाचे पाणी वाहून नेणारी व्यवस्था. रस्त्याकडेचे गटार पावसाचे, जमिनीखालची मलवाहिनी शौचालय-न्हाणीघराची. पणजीतल्या सांतिनेजच्या नाल्यात दोन्ही पाणी मिसळते, ती गोष्ट निराळी. पण कर्ज कशासाठी काढले ते सांगताना दोन्ही शब्द वेगळे हवेत, कारण मलवाहिनीच्या जोडणीवर शुल्क लावता येते आणि त्यातून हप्त्याला थोडाफार हातभार लागतो. पावसाच्या गटाराचे बिल कोणाच्या घरी पाठवणार?

म्हापशाच्या वाचकाने वाचलेली ओळ मी अशी लिहीन: 'मलवाहिन्यांसाठी महापालिका कर्जरोखे विकून पैसा उभारणार'.