मुलांना घरीच शिकवते, पण आता पार थकून गेले आहे. तुम्ही कसं निभावता?

ताई, नोकरी सोडून दोन मुलांना घरी शिकवायला घेतलंत, आठ महिने झाले आणि आता संध्याकाळी मुलांचा आवाजही नकोसा होतो, असं तुम्ही लिहिलंय. मी यातून गेले आहे. आम्ही पुण्यात राहतो. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा.

पहिल्या वर्षी मी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. साडेआठला गणित, सव्वानऊला मराठी. मध्येच कुकर, दूधवाला, सासूबाईंची औषधं. एक दिवस तांदूळ काढायला डब्यात हात घातला, तर लेकीची गणिताची वही हाताला लागली. तिनं ती लपवली होती. मी तिथेच ओट्याजवळ खाली बसले आणि रडले. पोरीला माझ्यापासून वही लपवावी लागते, हे सहनच होईना.

त्याच दिवशी वेळापत्रक काढलं आणि दीड महिना शिकवणं बंद ठेवलं. आता गणित आणि भाषा मिळून रोज तास-दीड तास, बाकी मुलांच्या कलानं.

खरं तर मला शिकवण्यापेक्षा ‘मुलं मागे पडतील’ या धास्तीनंच जास्त दमवलं होतं. ती कमी झाली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, म्हणजे शाळेत न जाता दहावी देता येते त्या सरकारी मंडळाचे (एनआयओएसचे) नियम नीट वाचल्यावर. दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय पुरतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षं चालते, विषय सुटेसुटे देता येतात. मग सात वर्षांच्या मुलाचा पाढा आजच पाठ व्हायला हवा, असं काही उरत नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महागडे संच घेऊ नका, ते संपवायचं दडपण वेगळंच येतं.

घरातल्यांचं सांगते. नवरा म्हणायचा, ‘काय करू ते सांग.’ पण ते सांगणं हेही माझंच काम होत होतं. आता विज्ञान आणि अख्खा शनिवार त्याचा. मी बघायला जात नाही. गॅलरीत जुना मिक्सर महिनाभर सुटा पडला आहे, तरी मी हात लावत नाही. आणि रोज दुपारी दोन ते साडेतीन माझं दार बंद असतं. सुरुवातीला मुलं दर पाच मिनिटांनी वाजवायची. तीनेक आठवड्यांत सवय झाली.

झोप उडाली असेल, मुलांवर हात उगारला जात असेल, तर मात्र मदत मागायला थांबू नका. 14416 हा सरकारचा टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीचा मदत क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

शाळेत परत घालावं लागलं तर, हा विचारही मनात असेलच. शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, तेव्हा ते दार उघडं आहे. आम्ही दर एप्रिलमध्ये दोघांना विचारतो, पुढचं वर्ष घरी की शाळेत? लेक घरीच म्हणते. यंदा मुलानं शाळा म्हटलं. जूनपासून तो चौथीत बसेल. काल त्याच्यासाठी दप्तर घेऊन आलो.