पासवर्ड डोक्यात ठेवू नकोस

एकच पासवर्ड सगळीकडे, शेवटी फक्त १२३ किंवा @ बदलायचं, ही सवय आधी सोड. एखाद्या फालतू शॉपिंग साइटचा डेटा फुटला की तोच ईमेल-पासवर्ड चोर जीमेलवर, बँकेवर लावून बघतात. हे काम प्रोग्रॅमच करतो, त्यामुळे 'माझ्याकडे काय आहे चोरायला' हा युक्तिवाद चालत नाही.

पासवर्ड मॅनेजर घे, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणारं ॲप. बिटवॉर्डन फुकट आहे, मोबाइल-लॅपटॉप दोन्हीकडे चालतं. क्लाउड नको असेल तर कीपास; त्याची फाइल आपल्याकडेच राहते, पण बॅकअपही आपणच घ्यायचा. मग लक्षात ठेवायचा एकच, मास्टर पासवर्ड. तो एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा कर, रोमन लिपीतली मराठी चालेल: खलबत्ता, पाणबुडी, उधारी, चिंच, टपाल असं काहीतरी. (हेच नको, हे आता सगळ्यांनी वाचलं!) अभंगाची ओळ किंवा मुलांची नावंही नकोत. फासे टाकून शब्द निवडायची डाइसवेअर पद्धत १९९५ पासून आहे. आपण 'सहज सुचलेले' म्हणतो ते शब्द तितकेसे सहज नसतात.

मास्टर विसरलास तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. म्हणून कागदावर लिहून घरच्या कपाटात, कागदपत्रांच्या फाइलीत ठेव. डायरीला लोक हसतात, पण परदेशातल्या चोराला तुझं कपाट उघडता येत नाही. ऑफिसच्या मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी मात्र वेगळी गोष्ट.

दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या निस्ट या सरकारी संस्थेनेही २०१७ मध्ये तो आग्रह सोडला. फुटल्याचं कळलं की लगेच बदल.

सुरुवात ईमेलपासून कर, बाकीचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात.