मिस्त्री येत नाही, पोरगा म्हणतो मीच करतो

प्रश्न : काका, आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. समोर कवेलूचं जुनं घर, मागं स्लॅबच्या दोन खोल्या. मागच्या पावसाळ्यात स्लॅब गळला. एप्रिलात मिस्त्रीला 10 हजार इसार दिला. त्यानं पॅराफिटचं, म्हणजे गच्चीच्या कठड्याचं, जुनं प्लास्टर खोदलं, घमेलं-फावडं आमच्याच अंगणात ठेवलं आणि गेला तो गेलाच. फोन केला की म्हणतो, "उद्या पक्कं येतो ना जी." आता अर्धा मे सरला. पॉलिटेक्निकला शिकणारा मुलगा सुट्टीत घरी आहे. तो म्हणतो, मोबाईलवर पाहून स्लॅब, प्लास्टर, खिडकीजवळ पडलेली तिरपी भेग, कूलरचा नवा पॉइंट, सगळं मीच करतो. सासूबाई म्हणतात, शिकाऊ हातात घर देऊ नको. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : ताई, स्लॅब पोराला द्या. प्लास्टर देऊ नका. भेगेला सध्या कोणीच हात लावू नका आणि कूलरच्या पॉइंटजवळ तर त्याला फिरकूही देऊ नका. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात नोकरी केली, त्यामुळं न येणारे मिस्त्री आणि हौशी मालक दोन्ही जवळून पाहिले. माझा हिशोब साधा आहे. चूक झाली तर ती लगेच दिसते का आणि स्वस्तात सुधारता येते का? दोन्हीला 'हो' असेल, तर ते काम घरच्यांनी करावं.

स्लॅब गळतो तो बहुतेक वेळा मधून नाही. पॅराफिट आणि स्लॅब जिथं भेटतात तो कोपरा, पावसाचं पाणी काढणारा पाइप आणि टाकीखालची जागा, गळतीची मुळं इथं असतात. पोराला आधी फक्त झाडू, तारेचा ब्रश आणि पाणी द्या. शेवाळ, धूळ, सुटलेला कोबा सगळं निघालं पाहिजे. अर्धं यश इथंच असतं आणि रोजीनं आलेला माणूस नेमकं हेच टाळतो. मग बारीक भेगा छिन्नीनं थोड्या रुंद करून त्यात पॉलिमर मिसळलेलं सिमेंट दाबून भरायचं. कोपऱ्यात सिमेंट-रेतीचा गोलसर उतार करायचा, आपल्याकडचे मिस्त्री त्याला 'गोला' म्हणतात. हा गोला नीट झाला की पाणी कोपऱ्यात थांबत नाही. तो वाळल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा मारला असेल तर दुसरा आडवा, आणि पॅराफिटवर वीतभर वर चढवलेले.

वेळेचं मात्र सांभाळा. व्हिडिओतला माणूस कुठल्या गावचा असतो कोण जाणे, त्याचा स्लॅब दुपारी दोनला आपल्यासारखा तव्यागत तापत नाही. 45 अंशात मारलेला हात पृष्ठभाग धरायच्या आधीच सुकतो आणि पापुद्र्यानं निघतो. सकाळी उन्हं चढायच्या आत काम करा आणि डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ दोन हातांमध्ये ठेवा. पूर्ण वाळल्यावर पाइपचं तोंड बंद करून काळ्या मातीचा छोटा बांध घाला, दोन इंच पाणी 24 तास उभं ठेवा आणि खालून छत पाहा. मेमध्ये विहिरीला पाणी नसतं हे मला ठाऊक आहे, म्हणून सगळा स्लॅब नाही भरला तरी चालेल, संशयाचा कोपरा भरा. ओल दिसली तर पाऊस यायला अजून अवधी आहे, पुन्हा करता येतं.

प्लास्टर हातावर बसावं लागतं. मसाला भिंतीवर फेकून एका पातळीत ओढणं मोबाईलवर पाहून येत नाही, आणि फसलेलं प्लास्टर फोडायचा खर्च वेगळा. तेवढ्यापुरता दुसरा मिस्त्री आणा, आणि पॅराफिट आधी उरकून मग वॉटरप्रूफिंगचे हात मारा. पोरगा त्याच्या हाताखाली राहू द्या. सिमेंट तुम्हीच आणा. पोत्यावर कोणत्या आठवड्यात बनलं ते छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. नंतरचं पाणी मारणं कोणताही मिस्त्री करत नाही, ते तुमच्या घराचंच काम. अशा उन्हात ते निदान सात दिवस, त्याहून जास्त झालं तर उत्तमच.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग वेगळी गोष्ट सांगते. तुमचं घर काळ्या जमिनीवर असणार. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. आत्ता सिमेंट भरलं तर दिवाळीपर्यंत शेजारी दुसरी भेग दिसेल. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करा आणि तारीख लिहा. पावसाळा सरल्यावर ती खुणेच्या पुढं गेली असेल तर पायवा (घराचा पाया) पाहायला जाणत्या माणसाला बोलवा. दरम्यान मोरीचं पाणी त्या भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर नाली काढून ते दूर न्या. हे काम पोराला खुशाल सांगा.

कूलरबद्दल मी हट्टी आहे. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणी तरी गेल्याची बातमी येतेच. लोखंडी बॉडी, आत पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय. गावातल्या कित्येक घरांत तिसऱ्या पिनची वायर कुठं जोडलेलीच नसते. परवाना असलेल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. जादा भार आला की पडणारा साधा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. आणि पाणी भरताना आधी पिन काढायची, हे सासूबाईंनाही सांगा.

आता तुमचा मिस्त्री. तो लबाडच असेल असं नाही. घरकुलाचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याप्रमाणं, फोटो चढवल्यावर मिळतो. एकाच आठवड्यात चार घरी हप्ते जमा झाले की चौघांना तोच मिस्त्री हवा असतो, आणि हप्ता अडकला की त्याचं काम बंद. म्हणून तो प्रत्येक घरी थोडं खोदून, हत्यारं ठेवून जागा धरून ठेवतो. त्यात मेमध्ये लग्नं, आणि मृग लागला की तो स्वतःच्या वावरात. चूक इसाराच्या आपल्या पद्धतीत आहे. 10 हजार हातात पडल्यावर त्याला तुमच्याकडं यायची घाई कशाला? पुढच्या खेपेला येण्याजाण्यापुरताच इसार, बाकी पैसा झालेल्या कामावर, आणि शेवटचा हिस्सा पहिल्या पावसानंतर.

गेलेल्या पैशासाठी त्याला फोनवर मेसेज करा, भांडू नका: खोदकामाची रोजी कापून उरलेले अमुक रुपये अमुक तारखेपर्यंत परत द्या, नाही तर त्या दिवसापासून कामावर या. लिहिलेलं राहतं. नाहीच ऐकलं तर गावच्या तंटामुक्त समितीपुढं तो मेसेज ठेवा. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी नाही, पण इतक्यासाठी वर्ध्याच्या चकरा तुम्हाला परवडतील का ते तुम्हीच ठरवा. घमेलं-फावडं मात्र अडवून ठेवू नका. मागायला आला की चहा द्या आणि तेव्हाच हिशोब काढा.