जुन्या लॅपटॉपसाठी हलके लिनक्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी २०१२ सालचा आय-थ्री लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० फार रखडते. सर्वांत हलके लिनक्स कोणते? – एक वाचक, दादर

उत्तर : विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही, त्यामुळे बदलाचा आपला विचार योग्यच आहे. मात्र या लॅपटॉपला ‘सर्वांत हलके’ काही शोधण्याची गरज नाही. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती ४ जीबीत व्यवस्थित चालते आणि तिला पाच वर्षे अद्यतने मिळतात. लुबुंटू हा दुसरा प्रकार तिच्याहून थोडा हलका आहे, पण त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचे पाठबळ तीन वर्षांचेच असते. घरातील ज्येष्ठ मंडळी लॅपटॉप वापरणार असतील, तर मी मिंट सुचवेन.

लिनक्सच्या दोन डेस्कटॉपांमध्ये (पडद्यावरील मांडणीच्या प्रणालींमध्ये) रॅमचा फरक पडतो तो काहीशे एमबींचा, आणि ब्राउझरमध्ये चारपाच जड पाने उघडली की ती सगळी बचत संपते. आपल्याला जाणवणारा संथपणा बहुतांशी हार्ड डिस्कचा आहे. हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (वेगवान साठवण) बसवल्यास जो फरक पडेल, तो कोणतेही लिनक्स बदलून पडणार नाही. रॅमही वाढवायची असल्यास जुनी पट्टी काढून सोबत घेऊनच लॅमिंग्टन रोडला (मुंबईतील संगणक बाजारात) जावे, कारण डीडीआर३ आणि कमी व्होल्टेजची डीडीआर३एल दिसायला सारख्याच असतात आणि दुकानदाराला नुसते मॉडेल सांगून नेहमीच भागत नाही.

प्रश्न : १ जीबी रॅमचे जुने नेटबुक आहे. मिंटचा पेनड्राइव्ह लावला, पण ते सुरूच होत नाही. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : प्रोसेसरचे नाव पाहावे. २००८-०९ च्या अनेक नेटबुकांत इंटेल अ‍ॅटम एन२७० असे. तो ३२ बिटचा, म्हणजे जुन्या रचनेचा आहे आणि उबुंटूवर आधारित मिंट २० व्या आवृत्तीपासून केवळ ६४ बिटचे आहे. डेबियन या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर देणे बंद केले. डेबियन १२ वर आधारलेले अँटीएक्स २३ मात्र ३२ बिटमध्ये मिळते आणि १ जीबीत चालते. अपेक्षा मर्यादित ठेवावी : टिपणे, पीडीएफ वाचन, गाणी. गूगलने ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम देणे २०१६ मध्येच थांबवले आहे, तेव्हा बँकेच्या व्यवहारांसाठी हे नेटबुक मी वापरणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. जुन्या मराठी फाँटमधील बऱ्याच फायली आहेत. लिनक्सवर त्या उघडतील का? मराठी टंकलेखन कसे करावे? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : टंकलेखनाची चिंता नसावी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा कीबोर्ड आराखडा) जोडता येतो. उच्चारानुसार लिहायचे असल्यास आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्रॅम आणि त्याचा एम१७एन हा जोड घ्यावा. नोटो आणि लोहित हे देवनागरी फाँट मोफत आहेत.

फायलींचे प्रकरण नाजूक आहे. युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला स्वतंत्र संकेत देणाऱ्या युनिकोड पद्धतीच्या आधीच्या) फाँटमध्ये देवनागरी अक्षर हे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले चित्र असते, म्हणून फाँट नसला की परिच्छेदाऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. टीटीएफ फाँट लिनक्सवर टाकल्यास मजकूर बहुधा दिसतो, पण त्यात शोध घेता येत नाही आणि दुरुस्ती जिकिरीची होते. विंडोज पुसण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाच्या फायलीची पीडीएफ करून ठेवावी आणि फाँटच्या फायली बाह्य डिस्कवर उतरवाव्यात. युनिकोड रूपांतर नंतर सवडीने करता येईल, मात्र जोडाक्षरे आणि रफार तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

प्रश्न : दुकानाचे हिशेब टॅलीवर आहेत. तरीही लिनक्स घ्यावे का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : हिशेबाच्या यंत्रावर नको. टॅली विंडोजसाठीच बनते, आणि वाइनसारख्या (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या) आधारावर रोजचा व्यवहार सोपवणे मला पटत नाही. डिस्कच्या दुसऱ्या विभागात (पार्टिशनमध्ये) लिनक्स ठेवायचेच असेल, तर आधी हिशेबाची प्रत बाहेर काढावी आणि विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यावर काही लिहिता येत नाही.