व्हिसा नाकारला ते ठीक. बुकिंग रद्द कधी केलंत?

कोल्हापूरच्या एका वाचकाने जानेवारीत मुंबईच्या एका टूर कंपनीकडून स्वतःसाठी आणि धाकट्या भावासाठी फुटबॉल विश्वचषकाचं पॅकेज घेतलं. सामना २२ जून २०२६ चा, अर्जेंटिना विरुद्ध ऑस्ट्रिया, डॅलसजवळच्या अर्लिंग्टनमध्ये. मुंबईहून निघायचं १९ जूनला. विमान, हॉटेल आणि सामन्याची तिकिटं धरून दोघांचे ९,४०,००० रुपये, वर टीसीएस (कंपनीने बुकिंगच्या वेळीच गोळा केलेला आयकर) वेगळा. २४ फेब्रुवारीला मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत दोघांचाही व्हिसा नाकारला गेला. २७ एप्रिलला त्यांनी ईमेल करून पैसे परत मागितले. २९ एप्रिलला कंपनीने कळवलं की प्रस्थानाला साठपेक्षा कमी दिवस उरले असताना बुकिंग रद्द केल्यामुळे शंभर टक्के रक्कम कापली जाईल. वाचक विचारतात: व्हिसा देणं न देणं आमच्या हातात नव्हतं, मग आमचे पैसे का बुडावेत?

याच आशयाची पत्रं गोव्यातून आणि पुण्यातूनही आली आहेत. सगळ्यांचा रोख व्हिसावर आहे, आणि तिथेच सगळे चुकतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम २१४(बी) खाली (तुम्ही परत मायदेशी याल याची खात्री पटली नाही म्हणून) नकार मिळाला की त्यावर अपील नाही. १८५ डॉलरची फी परत मिळत नाही. विश्वचषकाचं तिकीट हातात असलं तरी फार तर मुलाखतीची तारीख लवकर मिळू शकते, व्हिसा नाही. व्हिसा मिळवून देण्याची हमी कंपनीने दिली नव्हती, हे तुमच्याच बुकिंग फॉर्मवर लिहिलेलं आहे. या मुद्द्यावर ग्राहक आयोगापुढे वेळ घालवू नका.

तुमचं प्रकरण ठरणार आहे ते फॉर्मच्या मागच्या पानावरच्या अटीवर. प्रस्थानाच्या ९० किंवा त्याहून जास्त दिवस आधी रद्द केलं तर २५ टक्के कपात, ८९ ते ६० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर १०० टक्के. आणि हे दिवस मोजायचे ते 'रद्द करण्याची लेखी सूचना कंपनीला मिळाल्याच्या तारखेपासून'. व्हिसा नाकारल्याच्या तारखेपासून नव्हे, मॅनेजरशी फोनवर बोलल्याच्या तारखेपासूनही नव्हे. तुम्ही हे पान सही करण्यापूर्वी वाचलं नाही, आणि २४ फेब्रुवारीनंतरही वाचलं नाही. दोन महिने फोन करत राहिलात. २४ फेब्रुवारीलाच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल गेला असता तर प्रस्थानाला ११५ दिवस बाकी होते, २,३५,००० रुपये कापले गेले असते आणि ७,०५,००० रुपयांवर तुमचा हक्क निर्विवाद राहिला असता. आज तो हक्क सिद्ध करावा लागणार आहे.

तो सिद्ध करता येईल असा आधार मात्र तुमच्याच फोनमध्ये आहे. तुम्ही पाठवलेलं व्हॉट्सॲप संभाषण कंपनीच्या उत्तरापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. २४ फेब्रुवारीला तुम्ही लिहिलंत, 'साहेब, दोघांचाही व्हिसा रिजेक्ट झाला. आता पुढे काय?' त्यावर कंपनीच्या माणसाचं उत्तर आहे, 'टेन्शन घेऊ नका, मार्चमध्ये परत स्लॉट बघू. तोपर्यंत बुकिंग होल्डवर ठेवतो.' पुढे २ एप्रिलला तुम्ही लिहिलंत, 'आता नको, आम्हाला जायचंच नाही. पैसे कधी परत मिळतील?' यावर निळी टिक आहे, उत्तर नाही.

म्हणजे सूचनेच्या तारखा तीन होऊ शकतात. कंपनी म्हणते २७ एप्रिल, तेव्हा ५३ दिवस उरले होते, परतावा शून्य. २ एप्रिल धरली तर ७८ दिवस, कपात ५० टक्के, परतावा ४,७०,०००. २४ फेब्रुवारी धरली तर ७,०५,०००. सगळा वाद एवढाच आहे.

माझ्या मते २ एप्रिल भक्कम आहे. जायचं नाही आणि पैसे परत हवेत, हे त्या मजकुरात स्पष्ट आहे. 'लेखी' या अटीवर कंपनी अडून बसेल, पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४ इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मानतं. सूचना ईमेलनेच हवी असं फॉर्ममध्ये असेल (तुम्ही दुसऱ्या पानाचा फोटो अर्धाच पाठवला आहे), तर उत्तर असं की पासपोर्टच्या प्रती, पैशांची पावती, सीटची कॅटेगरी हे सगळं कंपनीने याच नंबरवरून घेतलं-दिलं. स्वतः व्हॉट्सॲपवर धंदा करायचा आणि ग्राहकाने तिथेच कळवलं की ते चालत नाही म्हणायचं, हे आयोगाला पटण्यासारखं नाही.

२४ फेब्रुवारीचं तसं नाही. 'आता पुढे काय?' हा प्रश्न आहे, रद्द करण्याची सूचना नाही, आणि समोरचा वकील हेच म्हणेल. पण त्यांच्या माणसाने थांबायला सांगितलं आणि बुकिंग होल्डवर ठेवतो म्हणाला. ज्याच्या सांगण्यावरून तुम्ही थांबलात, त्याला त्याच थांबण्याचा फायदा घेऊन जास्त कपात करता येऊ नये, हा युक्तिवाद चांगला आहे. शिवाय थांबल्याने कपातीचा टप्पा बदलेल हे सांगणं त्याचं काम होतं. ते न सांगणं ही सेवेतली त्रुटी. आयोग हे मान्य करेलच असं मी म्हणणार नाही. मागणी ७,०५,००० चीच ठेवा आणि पर्यायी मागणी म्हणून ४,७०,००० लिहा. पर्यायी मागणी विसरलात तर मधला रस्ता स्वतःच बंद कराल.

पुरावा जपायचं काम आजच करा. त्या चॅटमधले मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर आधी ती बंद करा. फोन विकू नका, रीसेट करू नका. चॅट मीडियासह एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. स्क्रीनशॉट असे घ्या की नंबर, तारीख, वेळ आणि निळी टिक एकाच चौकटीत दिसेल. नंबर सेव्ह केलेला असेल तर नावावर टॅप करून नंबर दिसणारं पानही घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहावी लागते. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो, पण प्रमाणपत्र नसल्याची हरकत घेऊन दोन तारखा खाता येतात, आणि त्या खाल्ल्या जातात. वकिलातीत मिळालेली नकाराची चिठ्ठीही ठेवा. मार्चमध्ये केलेल्या फोनचा कॉल लॉग निघत असेल तर तोही घ्या. त्याने संपर्क झाल्याचं दिसेल, बोलणं काय झालं ते सिद्ध होणार नाही.

दुसरं काम याच आठवड्यात करा, कारण १९ जूननंतर ते करता येणार नाही. कंपनीला ईमेल पाठवा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टने. त्यात लिहा: बुकिंग २ एप्रिललाच रद्द झालं आहे, आमच्या नावावरची दोन्ही सामना तिकिटं फिफाच्या अधिकृत फेरविक्री व्यवस्थेत विक्रीला लावा, विमान आणि हॉटेल आजच रद्द करा, आणि प्रत्येक बाबीवर प्रत्यक्ष किती खर्च बुडाला त्याची बिलं १५ दिवसांत द्या.

यामागचं कारण करार कायद्यात आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. मौला बक्ष (१९६९) आणि कैलाशनाथ असोसिएट्स (२०१५) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने नुकसानच झालं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही अशी भूमिका घेतली आहे. तिकिटं फिफाच्या ॲपमध्ये मोबाइल तिकिटं म्हणून असतात. ती कंपनीच्याच खात्यात असतील तर विकणंही तिच्याच हातात आहे. फिफा विक्रेत्याकडून १५ टक्के शुल्क घेते. ते वजा झालं तरी उरलेली रक्कम कंपनीला मिळते. अर्जेंटिनाच्या सामन्याचं तिकीट विकलं जाऊ शकत असताना त्याची पूर्ण किंमत तुमच्याकडूनही ठेवून घेणं हे नुकसानभरपाईत बसत नाही. मागणी करूनही तिने तिकिटं विकायला लावली नाहीत, तर नुकसान कमी करण्याची जबाबदारी तिने टाळली हे तुम्हाला दाखवता येईल. म्हणूनच ईमेल सामन्याच्या आधी गेला पाहिजे.

त्याच ईमेलमध्ये आणखी दोन गोष्टी विचारा. तिकिटं कोणत्या खात्यावर, कोणत्या तारखेला घेतली त्याची पावती दाखवा. आणि ती साधी तिकिटं आहेत की हॉस्पिटॅलिटी पॅकेज (तिकिटासोबत खाणंपिणं आणि खास सोयी), आणि ते विकण्याचा अधिकार कंपनीला कोणी दिला आहे? फिफाच्या तिकीट अटींनुसार साधं तिकीट परवानगीशिवाय टूर पॅकेजमध्ये घालून विकता येत नाही. हॉस्पिटॅलिटी विकतात ते ऑन लोकेशन ही कंपनी आणि तिने नेमलेले एजंट. तुमच्या कंपनीचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे यावर आत्ता काही म्हणत नाही. पावती आलीच नाही तर प्रकरणाचं स्वरूप बदलेल. तोवर पोलिसांत जाऊ नका. परताव्याच्या वादाला ते दिवाणी बाब म्हणतील आणि तुमचा महिना जाईल.

विमानाचं वेगळं आहे. परतावा न मिळणाऱ्या भाड्यातही तिकीट रद्द झाल्यावर वैधानिक कर आणि विमानतळ वापर शुल्क परत द्यायचं, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे. परदेशी विमान कंपनी असेल तर तिच्या देशाचे नियम आडवे येऊ शकतात. रक्कम मोठी नसेल, पण कंपनीच्या हिशेबात ती जमा दिसली पाहिजे. प्रवास विम्याची आशा फारशी धरू नका. व्हिसा नाकारल्याचं संरक्षण वेगळं घेतलेलं असेल तरच उपयोग. टीसीएस बुडालेला नाही. तो तुमच्या पॅनवर जमा आहे, आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसेल, रिटर्न भरताना वळता करून घ्या.

आता तक्रार. फॉर्मवर 'फक्त मुंबई न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' असं छापलेलं असलं तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्याने जिल्हा आयोगच. पाच ते दहा लाखांच्या टप्प्याला फी २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. बुकिंग एकत्र आणि पैसे एकाच खात्यातून एनईएफटीने गेलेले असल्याने भावाला दुसरा तक्रारदार करा, दोन तक्रारी करू नका. त्याआधी १५ दिवसांची नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण कधी कधी तेवढ्यावर तडजोड होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, फुकट आहे.

मसुदा लिहिताना एक काळजी घ्या. शंभर टक्के कपातीची अट अन्यायकारक आहे म्हणून 'अनुचित करार' असा मथळा देण्याचा मोह होईल. तो टाळा. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगापासून वर दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. तसा मजकूर गेला की कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत घेतो, आणि ती निकाली निघण्यात महिने जातात. तक्रार 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' एवढ्यावर उभी करा. एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन प्रकरणात (२०१९) म्हटलं आहे, त्यामुळे तुमचा मुद्दा सुटत नाही.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो, नोटीस मिळाल्यापासून तीन महिने. तसं होत नाही. रिक्त जागा, अपुरे कर्मचारी आणि मागितली की मिळणारी पुढची तारीख, यांत वर्षं जातात, आणि ज्यांचे आठ-दहा लाख अडकले आहेत त्यांच्यावर हा अन्याय आहे. निदान एक मुदत पक्की आहे: कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळीस दिवसांनंतर आलेलं उत्तर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे. नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा आणि शेहेचाळिसाव्या दिवशी अर्ज द्या. आयोग आपणहून करेल म्हणून थांबू नका.

तुमची स्वतःची मुदत दोन वर्षांची. ती २९ एप्रिलपासून मोजता येईल असं मला वाटतं, पण तुम्ही २४ फेब्रुवारी २०२६ पासूनच मोजा आणि वाद शिल्लक ठेवू नका. कंपनी 'मॅनेजमेंटशी बोलतो' म्हणत राहिली तरी मुदत थांबत नाही. नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. नोटिशीचे १५ दिवस संपले की त्याच आठवड्यात तक्रार दाखल करा. आणि फॉर्मच्या दुसऱ्या पानाचा पूर्ण फोटो वकिलाला आधी द्या. सूचनेच्या अटीचं शेवटचं वाक्य तुम्ही पाठवलेल्या फोटोत कापलं गेलं आहे.